गुडघ्यातली थरथर

घड्याळाने चुगली केली.

नेल्सनने आईच्या त्र्याहत्तराव्या वाढदिवसाला ते तिच्या मनगटावर बांधलं, तेव्हा झुल्माला बरंच वाटलं होतं. निदान सायकलीइतकी जागा तरी अडणार नाही. सायकल ही तिच्या आदल्या वाढदिवसाची भेट. जागच्या जागी पायडल मारायची ती सायकल अंगणाकडच्या खिडकीत उभी होती आणि तिच्यावर टॉवेल फार छान वाळायचे. घड्याळ पावलं मोजतं, एवढंच तिला सांगण्यात आलं होतं. मोजलेली पावलं लगोलग नेल्सनच्या फोनवर जाऊन हजेरी लावतात, हे सांगायचं राहून गेलं.

म्हणून डिसेंबरातल्या त्या रविवारी, तिच्या अंगणातल्या शेगडीवर भाजायला ठेवलेल्या बरगड्या नुकत्याच कुठे तडतडायला लागल्या होत्या, तेवढ्यात नेल्सनने चिमटा खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.

“आई, मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ तू कुठे होतीस?”

“घरी.”

“अकरा हजार चारशे पावलं. घरी?”

“घर मोठं आहे,” झुल्मा म्हणाली. घर दोन खोल्यांचं होतं.

“गुरुवारी बारा हजार. परत सात ते नऊ. आणि सगळी पावलं इथून सहा गल्ल्यांवर, एकाच चौकाभोवती. पुढे, मागे, पुढे, मागे.” त्याचा आवाज जरा चिरकला. “वाट चुकलेला माणूस असाच चालतो, आई. मी वाचलंय त्याबद्दल.”

नेल्सन विमा कंपनीत होता. माणसाचं काय काय बिघडू शकतं याची यादी त्याला तोंडपाठ होती आणि अशी यादी पाठ असणाऱ्याला आपली आई एका चौकाभोवती स्वतःच्या खुशीने फिरत असेल, असं सुचणं कठीण.

“मीही सांगते आता,” बेट्टी म्हणाली. बेट्टी ही त्याची बायको. ती पडद्यावरून लोकांना श्वास कसा घ्यावा हे शिकवायची. तिचे वर्ग सुरू होण्याआधी माँटेव्हिडिओतली माणसं कशी काय जगत होती देव जाणे. तिने टेबलावर दोन्ही तळवे उपडे ठेवले, एक लांब श्वास घेतला आणि सोडला. “मागच्या शनिवारी मी तुम्हाला पालकाची वडी द्यायला आले होते. खिडकीतून बघितलं. तुम्ही आरशासमोर होतात. कमरेत वाकलेल्या. एक हात कमरेवर, आणि दुसरा हात असा.” तिने हात थरथरवून दाखवला. “मग तुम्ही कपाटाला वाकून नमस्कार केलात.”

“कपाटाला?” रोसाना, झुल्माची मुलगी, कोशिंबीर कालवता कालवता थांबली.

“आणि कपाटाशी बोललात. ‘या वैद्यबुवा, किती वर्षांनी येणं केलंत!’”

कुणी हसलं नाही. झुल्माने गालाचा आतला भाग दाताखाली धरला. पलीकडे, पेराच्या झाडाखालच्या खुर्चीत, एल्बिया मान खाली घालून पावाचा तुकडा मोडत होती. एल्बिया झुल्माची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला. आज तिला मुद्दाम बोलावून आणलं होतं, कारण आई कुणाचं ऐकत नसली तरी मावशीचं ऐकते असा नेल्सनचा समज होता. तो समज कुठून आला हे दोघी बहिणींनाही ठाऊक नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती की तीन आठवड्यांपासून झुल्मा विल्मारच्या ढोलपथकात तालमीला जात होती.

फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत प्रत्येक पथकात एक म्हातारी आई नाचते. घेरदार झगा, पुढे एप्रन, डोक्याला रुमाल, हातात पंखा. तिच्यासमोर झाडपाल्याचा वैद्यबुवा, पांढऱ्या दाढीचा, काठी टेकत, पाय लटपटवत. झुल्माची आई सेल्मिरा, जी दिवसभर साहेबलोकांच्या शर्टांना इस्त्री करायची, ती तीस वर्षं म्हातारी आई होती. तिला सुरुवातीला ते काम मिळालं तेव्हा ती स्वतः चौतीसची होती. पुढे ढोल जिथे वाजायचे ती त्यांची चाळच पाडली, माणसं शहराबाहेर फेकली गेली. झुल्माने पोस्टातल्या डार्दोशी लग्न केलं, आणि डार्दोच्या घरात ढोल दाराबाहेर राहिले. डार्दो वाईट नव्हता. त्याला फक्त वर चढायचं होतं आणि वर चढताना आवाज होऊ नये असं त्याला वाटायचं. त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

तीन आठवड्यांपूर्वी रोजच्यासारखी थर्मास काखेत मारून ती समुद्राकडे फिरायला निघाली, आणि कोपऱ्यावर ढोल ऐकून उभी राहिली. हातातला यर्बाचा चहा गार होईपर्यंत उभी राहिली. मग पुढे होऊन विल्मारला म्हणाली, मला घे. विल्मार ढोल बनवायचा, साठीचा माणूस, तोंडाने फटकळ. त्याने तिला चालायला लावलं आणि डोकं खाजवलं.

“डोन्या झुल्मा, रागावू नका, पण तुम्ही म्हाताऱ्या वाटत नाही. बँकेत पेन्शन आणायला चालल्यासारख्या वाटता. म्हातारपण दिसलं पाहिजे.”

दुसरी उमेदवार होती फ्लोरेन्सिया, चोवीस वर्षांची, नृत्यशाळेत शिकणारी. ती इतकी सुंदर म्हातारी व्हायची की बघणाऱ्याला तिला खुर्ची द्यावीशी वाटे. जागा एकच होती. निवड आज, रविवारी, संध्याकाळी सहाला.

आणि घरात कुणाला सांगायचं नाही हे झुल्माने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

“म्हणून आम्ही असं ठरवलंय,” नेल्सन म्हणाला. ठरवून झाल्यावर विचारायला येणं ही त्याची जुनी पद्धत. त्याने शर्टाच्या खिशातून घडी केलेला अर्ज काढला, आणि बेट्टीने पर्समधून गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. वर लिहिलं होतं ‘शांत सायंकाळ: सक्रिय वार्धक्यासाठी निवास’. “नुसतं बघायला जायचं. आज साडेपाचला भेट ठरलीय.”

“आज साडेपाचला मला जमणार नाही.”

“का? काय काम आहे?”

झुल्मा टेबलावरचे ग्लास सरळ करायला लागली.

“बघा,” नेल्सन बाकीच्यांना म्हणाला, “तिला आठवतसुद्धा नाही.”

“किती छान छंद आहेत तिथे,” बेट्टी पत्रक उलगडत म्हणाली. “फुलं रंगवणं, हास्यवर्ग, स्मरणशक्तीचे खेळ. मी दिलेली रंगवायची वही तुम्ही अजून उघडली नाहीत, पण तिथे सगळ्यांबरोबर रंगवाल. आणि हे बघा, गुरुवारी ‘आफ्रिकी ताल आणि नृत्य’. खुर्चीत बसून.”

“बसून?” एल्बिया पहिल्यांदाच बोलली.

“सुरक्षित असतं ना, मावशी.”

एल्बियाने पाव तोंडात टाकला.

“एक मिनिट,” रोसानाने चमचा ठेवला. ती फिजिओथेरपिस्ट होती, आणि आपल्या आईचं निदान श्वासाच्या बाईने खिडकीतून करावं हे तिला झोंबलं होतं. “बेट्टीला आता काचेपलीकडून निदान करता येतं? आईला काही झालं असेल तर ते मी सांगेन. आणि कुठे जायचंच असलं तर ती माझ्याकडे येईल.”

“तुझ्याकडे तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही,” नेल्सन म्हणाला.

“तुझ्याकडे लिफ्ट आहे, मग का नाही नेत?”

नेल्सनला एकदम बरगड्या उलटायची आठवण झाली.

झुल्माला वाटलं, सुटले. ही दोघं लहानपणापासून भांडायला लागली की मूळ विषय विसरायची. पण रोसाना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “आई, हात पुढे कर. बोटं ताणून.”

झुल्माने हात पुढे केले. आणि हात खरोखरच थरथरले. सकाळपासून दोन तास आरशासमोर त्यांना तीच सवय लावली होती. शिवाय संताप होता, आणि सहाची भीती होती. तिने बोटं घट्ट ताणली तशी ती जास्तच हलायला लागली. रोसानाचा चेहरा पडला.

“कधीपासून होतंय हे?” तिने हळू विचारलं. झुल्माला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

“रोसाना, ऐक...”

“चालून दाखव. त्या दारापासून इथपर्यंत.”

“आणि एरवी आमच्यासमोर चालता तसं नका चालू,” बेट्टी म्हणाली. “आरशासमोर चालत होतात, तसं. लपवू नका.”

नेल्सनने फोन वर धरला. “मी चित्रण करतो. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला लागेल.”

झुल्मा दारापाशी गेली. सरळ चालली असती तर निम्मं प्रकरण तिथेच मिटलं असतं. ताठ चालणं तिला येत होतं, विल्मारची तक्रारच ती होती. पण तिला आठवलं की तीन आठवडे ही थरथर फक्त एका आरशाने बघितली आहे, आणि त्या अंगणात, पेराच्या झाडाखाली, आईची थरथर बघितलेलं जगातलं उरलेलं एकमेव माणूस पाव खात बसलं आहे. तिने एक हात कमरेवर ठेवला. वाकली. टेबलावरचं ‘शांत सायंकाळ’चं पत्रक उचललं, पंख्यासारखं धरलं, हात थरथरवला, आणि चालत आली.

बेट्टीने डोळे मिटले आणि श्वास घ्यायची विसरली. रोसानाने तोंडावर हात ठेवला. नेल्सन शेगडीकडे वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि धूर तर उलट्या दिशेला चालला होता.

“मावशी,” तो म्हणाला, “तूच सांग आता. तूच बघितलंस.”

“बघितलं,” एल्बिया म्हणाली. तिने मांडीवरचे पावाचे कण झटकले. “साफ चुकतंय.”

“म्हणजे?”

“थरथर. चुकीच्या ठिकाणी आहे.” ती झुल्माकडेच बघत होती, बाकीचे जणू अंगणात नव्हतेच. “हात कशाला हलवतेस? आईचा हात कधी हलला होता? इस्त्रीवाल्या बाईचा हात थरथरला तर साहेबाची कॉलर जळते. हात राणीसारखा ठेवायचा. म्हातारपण गुडघ्यात. घेराखाली. लोकांना गुडघा दिसता कामा नये, झग्याची कड हललेली दिसली पाहिजे.”

झुल्माने पत्रक खाली घेतलं. “तुला कसं माहीत?”

“मला कसं माहीत! तुम्ही सगळ्या नाचत होतात तेव्हा मी कुठे होते? पायरीवर. बारा वर्षं. पायरीवरून दुसरं काय दिसतं? गुडघेच.” तिने टेबलाकडे सरकून एक सुरी उचलली, कपड्याच्या कडेने पुसली आणि सुरीची मूठ टेबलाच्या लाकडावर वाजवायला सुरुवात केली. ढोलाच्या लाकडी अंगावर काठी वाजते तसा तो ठेका होता, आणि तो त्या घरात याआधी कधी वाजला नव्हता. “चल. परत दारापासून.”

झुल्मा परत दारापासून आली. हात स्थिर. पत्रक छातीपाशी हळू हळू हलत. गुडघे मात्र आईचे. स्कर्टची कड थरथरली आणि तिला स्वतःलाच कळलं की हे ते आहे. आठ पावलांच्या अंगणात तिने तीन फेऱ्या मारल्या, पेराच्या झाडाला वाकून मान दिली, आणि एल्बियाने सुरी थांबवली.

बरगड्या जळाल्याचा वास आला.

“हा नाच आहे,” रोसाना हळूच म्हणाली.

“आई नाचतेय?” नेल्सन म्हणाला. सगळं कळायला त्याला अजून अर्धं मिनिट लागलं. चौक कळला, सात ते नऊ कळलं, वैद्यबुवा कळले. मग तो चिडला, आणि घाबरलेला माणूस सुटल्यावर चिडतो तसा भरपूर चिडला. “आई, तुझं वय काय?”

“त्र्याहत्तर.”

“मग?”

“विल्मार म्हणतो, कामाला कमी पडतंय.”

“थट्टा नको! आम्ही इथे रात्रंदिवस काळजीत, आणि तू... बाबांना काय वाटलं असतं?”

“वाईट वाटलं असतं,” झुल्मा म्हणाली. “त्याने ढोल दाराबाहेर ठेवले, मीही ठेवू दिले. चाळीस वर्षं. त्याच्यावर प्रेम होतं म्हणून ठेवू दिले. आता तो नाही, आणि मला ते आत हवे आहेत.”

“पण आम्हाला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात.”

“अर्थात आलो असतो!”

“हे असं धरून.” तिने त्याच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. “‘बघा, आमची आई या वयात किती गोड नाचते.’ तू सगळ्या कचेरीला पाठवलं असतंस. बेट्टीने शिष्यांना दाखवलं असतं. मला गोड व्हायचं नाही, नेल्सन. त्या मुलीबरोबर उभं राहून मला निवडून यायचंय. नाही आले तर नाही. पण कुणी कौतुक म्हणून घेतलं तर मी मेले.”

नेल्सनने फोन खाली केला.

“हे किती मुळातून येतंय!” बेट्टी एकदम उजळून म्हणाली. तिने पक्ष बदलला होता आणि तो आपण आधीपासूनच धरला होता असं तिला वाटायला लागलं होतं. “मी म्हणतच होते, यांना काहीतरी हालचालीचं हवं.”

“तुम्ही सगळे गप्प बसा!” रोसाना ओरडली. “आई, तुझ्या उजव्या गुडघ्यात धातू आहे! सात महिने मी तो गुडघा उभा केला, रोज येऊन, रोज! आणि तू त्याच्यावर बारा हजार पावलं थरथरतेस? मला न विचारता?”

“काम झकास केलंस मग,” एल्बिया म्हणाली. “नवा आहे असं वाटतसुद्धा नाही. चांगला जुना हलतोय.”

रोसानाने मावशीकडे पाठ फिरवली. मग आत गेली. आतून कपाटं उघडल्याचे आवाज आले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात क्रेपचा पट्टा होता. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्याला पट्टा गुंडाळायला लागली, वर, खाली, परत वर.

“घट्ट होतोय का?”

“नाही.”

“डाव्यावर जास्त भार दे. आणि संपलं की बर्फ. तुझं ऐकणार नाही मी.”

झुल्माने तिच्या केसांवरून हात फिरवला. तो हात आता मुळीच थरथरत नव्हता.

साडेपाचला ‘शांत सायंकाळ’मधून फोन आला तेव्हा सगळे नेल्सनच्या गाडीत होते. पुढे एल्बिया, तिला पाय लांब करायला लागतो म्हणून. मागे तिघी एकमेकींच्या मांडीवर. फोन बेट्टीने घेतला. “आज नाही जमणार,” ती म्हणाली. “सासूबाईंना काम आहे.” गाडी नेल्सन चालवत होता. एका सिग्नलला तो म्हणाला, “जळलेल्या बरगड्या तरी कुणी झाकल्या का?” कुणी झाकल्या नव्हत्या.

चौकात पुठ्ठ्यांचा जाळ पेटवला होता आणि कातडी तापवायला ढोल त्याच्याभोवती गोल मांडले होते. फ्लोरेन्सियाची पाळी आधी झाली. ती नाचली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, झुल्मानेही वाजवल्या, कारण मुलगी खरोखर चांगली होती. नेल्सन एका झाडाला टेकून उभा होता. त्याने फोन गाडीत ठेवला होता; तशी शपथ आईने घातली नव्हती, त्याने आपणहूनच ठेवला. एल्बियासाठी कुणीतरी खुर्ची आणली, पण ती जाऊन एका घराच्या पायरीवर बसली.

मग ढोल परत सुरू झाले आणि वैद्यबुवा पुढे आला. दाढी कापसाची, वय अठ्ठावीस, तोंडात च्युइंगगम. पथकाचा घेरदार झगा चढवलेल्या झुल्माने पंखा उघडला. नेमकं काय झालं ते तिला नंतर नीट सांगता आलं नाही. हात स्थिर ठेवायचा एवढंच लक्षात होतं. गुडघे आपोआप हलले, पट्ट्याच्या आत, झग्याच्या आत, आणि कड थरथरली. वाकून वैद्यबुवाला मान देताना कंबर थोडी खरीच धरली, आणि तिने ती तशीच नाचात घेतली. वैद्यबुवा च्युइंगगम चघळायचा थांबला. पायरीवर एल्बिया दोन्ही हातांनी स्वतःचा अधू गुडघा धरून बसली होती आणि तिचे ओठ ठेका मोजत होते.

विल्मारने हात वर केला. ढोल थांबले. तो चालत झुल्मापर्यंत आला, दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्याकडे बघत राहिला. फ्लोरेन्सियाही बघत होती.

“तीन आठवडे,” तो म्हणाला, “तीन आठवडे मी वाट बघतोय. डोन्या झुल्मा, आज तुम्ही म्हाताऱ्या दिसलात. अगदी जख्ख म्हाताऱ्या.”

झुल्माच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि त्याच क्षणी झाडापासून कुणीतरी तावातावाने गर्दी सारत पुढे आलं.

“ए मिस्टर! जख्ख म्हातारी कुणाला म्हणतोस?” नेल्सन विल्मारच्या छातीशी जाऊन उभा राहिला. रागाने त्याचे कान लाल झाले होते. “माझी आई आहे ती! तिला काय झालंय? रोज बारा हजार पावलं चालते!” त्याच्या शर्टाच्या खिशातून ‘शांत सायंकाळ’चा अर्ज अर्धा बाहेर आला होता.

“बाजूला हो, नेल्सन,” झुल्मा रडत रडत म्हणाली. “परत एकदा म्हणू दे त्याला.”